अमेरिकेत जाणाऱ्या मुलांना शाळेने एक कागद जास्त द्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी नववीपर्यंत सांगलीत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकली. एप्रिल २०२३ मध्ये तिची नववीची परीक्षा झाली आणि जुलैत मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका उपनगरात राहायला आलो. निघताना शाळेतून दोन कागद घेतले होते: शाळा सोडल्याचा दाखला आणि नववीचं प्रगतिपत्रक. आणखी काही लागेल असं ना आमच्या मनात आलं, ना शाळेच्या. मुलगी काय शिकली आणि कोणत्या माध्यमातून, हे सांगणाऱ्या त्या न घेतलेल्या तिसऱ्या कागदाबद्दल हे पत्र आहे. आपल्याकडची बरीच कुटुंबं दरवर्षी मोठी मुलं घेऊन इकडे येतात, त्यांच्यातल्या एखाद्याच्या तरी हे वेळेवर वाचनात यावं एवढ्याचसाठी लिहिते आहे.

आधी इथली पद्धत सांगते, कारण ती कळायलाच आम्हाला वर्ष लागलं. आपल्याकडे नववीच्या वर्गात बसलं की विषय ठरलेले असतात. पहिल्या दिवशी फळ्यावरचं वेळापत्रक उतरवून घेतलं की झालं, निवड काय ती दहावीनंतर. इथे हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं आणि प्रत्येक मुलाचं वेळापत्रक वेगळं. हिवाळ्यात पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा फॉर्म हातात येतो. वर्षभराच्या एका विषयाला आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाकडे, १० क्रेडिट्स (विषय पूर्ण केल्याचे अंक) मिळतात आणि डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पास झाल्याच्या प्रमाणपत्रासाठी, एकूण २२० लागतात. बोर्डासारखी शेवटची एक मोठी परीक्षा नाही. पूर्वी कॅलिफोर्नियात एक एक्झिट एग्झाम होती, तीही २०१७ मध्ये कायद्याने काढून टाकली. त्यामुळे चार वर्षांत कोणते विषय घेतले, यावरच सगळं ठरतं.

मात्र नुसती २२० ची बेरीज करून भागत नाही. राज्याने किमान १३ वर्षभराचे विषय सक्तीचे केले आहेत: इंग्रजी तीन वर्षं, गणित दोन, विज्ञान दोन, सामाजिक शास्त्रं तीन, शारीरिक शिक्षण दोन, आणि कला, परकीय भाषा किंवा व्यवसाय शिक्षण यांतलं कुठलंही एक वर्ष. डिस्ट्रिक्ट त्यावर आपली भर घालतं. आणि एवढं करून मिळतो तो फक्त डिप्लोमा. इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला किंवा स्टेट युनिव्हर्सिटीला थेट प्रवेश हवा असेल तर यादी वेगळी. तिला सगळे ‘ए टू जी’ म्हणतात. त्यात वर्षभराचे १५ विषय. त्यांतले काही असे: इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, एकच परकीय भाषा सलग दोन वर्षं, कलेचं एक वर्ष. प्रत्येकात किमान सी ग्रेड हवी. डी मिळाला तर डिप्लोमासाठी तो पास धरतात, युनिव्हर्सिटीसाठी नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी तर या १५ पैकी ११ विषय बारावी सुरू होण्याआधी पुरे झालेले असावे लागतात.

आमच्यासारख्या दहावीत येऊन पडलेल्या मुलांपुढे मग प्रश्न असा, की तिकडच्या नववीला इथे काय मोल?

ऑगस्टमध्ये शाळेच्या कौन्सेलर, म्हणजे मुलांना विषय निवडायला मदत करणाऱ्या बाईंपुढे आम्ही प्रगतिपत्रक ठेवलं. मराठी प्रत आणि नोटरीकडून करून आणलेलं इंग्रजी भाषांतर. त्यावर काय होतं? ‘गणित’, ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’, ‘सामाजिक शास्त्रे’, आणि पुढे गुण. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि अगदी सौजन्याने विचारलं, “यातलं गणित म्हणजे कोणतं गणित?” आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. गणित म्हणजे गणित! पण इथे पहिलं वर्ष अल्जिब्रा (बीजगणित) वन, दुसरं जॉमेट्री (भूमिती), तिसरं अल्जिब्रा टू अशी उतरंड असते. प्रगतिपत्रकावरून काहीच कळत नाही म्हणताना त्यांनी मुलीला अल्जिब्रा वनमध्ये घातलं. तिची नववी जवळजवळ सगळी ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे ऐच्छिक, या खात्यात जमा झाली. म्हणजे क्रेडिट्स मिळाली, पण सक्तीचा एकही विषय कमी झाला नाही. वर परकीय भाषा म्हणून स्पॅनिश वन.

पहिल्या आठवड्यातच मुलगी म्हणाली, “आई, हे सगळं आपलं आठवी-नववीतलं आहे गं.” मी तिला गप्प केलं. म्हटलं, नवा देश आहे, सोपं जातंय तर बरंच आहे. हे मी आजही स्वतःला माफ करू शकलेले नाही. दहावीत अल्जिब्रा वन म्हणजे बारावीत अल्जिब्रा टू, आणि इंजिनिअरिंगला जाऊ पाहणारी मुलं तोवर कॅल्क्युलसपर्यंत पोचलेली असतात. तो हिशेब मी केलाच नव्हता. तो केला तिने, एका रात्री वहीच्या मागच्या पानावर. चार रकाने आखले, नववी, दहावी, अकरावी, बारावी, आणि प्रत्येक रकान्यात सहा घरं. नववीची सहाही घरं पेन्सिलीने भरून तिने त्यांच्यावर प्रश्नचिन्हं काढली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी माझ्या भावाला फोन केला. त्याने माळ्यावरून नववीची गणिताची दोन पुस्तकं काढली आणि अनुक्रमणिकांचे फोटो पाठवले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही मायलेकींनी त्यांचं इंग्रजी केलं. भाग एक: वास्तव संख्या, बहुपदी, दोन चलांतील रेषीय समीकरणे, सांख्यिकी. भाग दोन: समांतर रेषा, त्रिकोण, चौकोन, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती. चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी याच शब्दांनी भूमिती शिकले होते. ‘एकरूप त्रिकोण’ला इंग्रजीत काय म्हणतात हे माझ्या मुलीने मला सांगितलं. तो कागद आणि दोन्ही मुखपृष्ठांचे फोटो घेऊन आम्ही परत शाळेत गेलो. त्यांनी तिची एक चाचणी घेतली आणि तिसऱ्या आठवड्यात तिला जॉमेट्रीच्या वर्गात बसवलं. अल्जिब्रा वन नववीत झालं असं तिच्या नावावर लागलं.

शारीरिक शिक्षणाचंही तसंच. आपल्या प्रगतिपत्रकावर त्याची श्रेणी असते, पण आठवड्याला तासिका किती होत्या ते कुठेच नसतं. तासिकांचा आकडा लेखी दिल्यावर डिस्ट्रिक्टने ते एक वर्ष मान्य केलं. इतिहास मात्र मान्य झाला नाही, आणि ते बरोबरच होतं. आपल्या नववीच्या इतिहासात १९६० नंतरचा भारत आहे, इथे जगाचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था आणि अर्थशास्त्र लागतं.

आता भाषेचं, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दहावीचं वर्ष मुलीने स्पॅनिशमध्ये घातलं. अकरावी नुकतीच सुरू झाली असताना गणेशोत्सवात इथल्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या एक ताई भेटल्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, “अहो, ही मराठी माध्यमातली ना? मग हिला स्पॅनिश कशाला?” युनिव्हर्सिटीचा नियम असा आहे, की सहावी किंवा त्यापुढच्या इयत्तांत किमान दोन वर्षं ज्या मुलाने इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेच्या माध्यमातून शाळा केली असेल आणि गुण ठीक असतील, त्याची भाषेची अट पुरी झाली असं धरतात. माझी मुलगी सहावी, सातवी, आठवी, नववी, चारही वर्षं मराठीतून शिकलेली. म्हणजे अट ती विमानात बसण्याआधीच पुरी करून आली होती! आणि आमच्याकडे ते सांगणारा एक कागद नव्हता.

सांगलीत असताना मराठी माध्यमात घातलं म्हणून नातेवाइकांची बोलणी आम्ही खाल्ली आहेत. “पुढे बाहेर जायचं झालं तर?” हे वाक्य तर किती वेळा. ते ‘बाहेर’ आल्यावर त्याच मराठीने तिच्या वेळापत्रकात एक अख्खी जागा मोकळी करून दिली. त्या संध्याकाळी घरी येताना गाडीत मला रडू आलं.

मग शाळेला फोन. तिकडे सकाळचे साडेदहा म्हणजे इकडे आदल्या रात्रीचे दहा. मुख्याध्यापक सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, असा दाखला आजवर कुणी मागितला नाही. काय लिहायचं ते तुम्ही सांगा, मी सही-शिक्का करून देतो.” आठ दिवसांत दाखला आला. शाळेच्या लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह, चार ओळींचा. तो पाहून कौन्सेलर बाईंनी नियम तपासला, तिच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे चारही वर्षांच्या विषय-गुणांच्या नोंदपत्रावर, तशी नोंद केली आणि स्पॅनिश टूच्या जागी अकरावीत केमिस्ट्री बसली. एक लक्षात ठेवायला हवं, की यात अट पुरी होते, क्रेडिट्स मिळत नाहीत. बेरीज २२० पर्यंत न्यायला दुसरा विषय घ्यावाच लागतो.

एवढं होऊनही कलेच्या विषयात आम्ही फसलोच. तिने व्यवसाय शिक्षणातला कॉम्प्युटरचा विषय घेतला होता, त्यामुळे डिप्लोमाच्या तक्त्यात त्या ओळीपुढे बरोबरची खूण दिसत होती आणि आम्ही निर्धास्त. ए टू जीला कलेचं वर्ष वेगळं लागतं हे अकरावी संपत आल्यावर कळलं. एलिमेंटरी ड्रॉइंगचं तिचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. सुदैवाने इथल्या कम्युनिटी कॉलेजमधला (हे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज असतं) तीन युनिटांचा, युनिव्हर्सिटीला चालणारा एक कोर्स हायस्कूलच्या वर्षभराच्या विषयाइतका धरतात. २०२५ च्या उन्हाळ्यात तिने तिथे ड्रॉइंग केलं. कम्युनिटी कॉलेजचा आणखी एक रस्ता सांगून ठेवते: ए टू जी पुरं झालं नाही तरी तिथे प्रवेश मिळतो आणि दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत बदली घेता येते. कुणाचं मूल अकरावी-बारावीत इकडे येत असेल तर त्यांनी घाबरून जाऊ नये.

कौन्सेलर बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे शेकडो मुलं, आणि आपली नववी त्यांनी कधी पाहिलेलीच नाही. ती त्यांना दाखवायची कशी, हे आपल्या हातात आहे.

म्हणून माझी विनंती महाराष्ट्रातल्या मुख्याध्यापकांना आहे. परदेशी जाणाऱ्या मुलाचा दाखला काढताना सोबत एक पान इंग्रजीत द्या. त्यात मुलाचं नाव आणि जनरल रजिस्टर नंबर, कोणत्या इयत्ता कोणत्या साली कोणत्या माध्यमातून झाल्या, प्रत्येक विषयाच्या आठवड्याला किती तासिका आणि तासिका किती मिनिटांची, आणि गणित-विज्ञानात कोणती प्रकरणं शिकवली, एवढं असावं. सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी कोणता विषय कोणत्या भाषेत झाला ते वेगळं लिहावं. सहावीपासूनची प्रगतिपत्रकंही द्यावीत, कारण सहावी-सातवीचं प्रगतिपत्रक कुणी जपून ठेवत नाही आणि नेमकं तेच मागितलं जातं.

पालकांनी पाठ्यपुस्तकं रद्दीत देण्याआधी अनुक्रमणिकांचे फोटो काढून ठेवावेत. इथे आल्यावर डिप्लोमाची यादी आणि युनिव्हर्सिटीची यादी, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चार वर्षांचा तक्ता मुलासोबत बसून भरावा. मूल “हे मला येतंय” म्हणालं तर त्याचं ऐकावं. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी तिथल्या याद्या पाहाव्यात, कारण त्या राज्यागणिक बदलतात. आणि इथल्या महाराष्ट्र मंडळांना माझं सांगणं आहे, की संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळासोबत एक तास यासाठी ठेवा. विषय निवडायचे फॉर्म त्याच सुमाराला येतात, आणि त्या ताई मला गणपतीत भेटल्या तोवर एक वर्ष गेलेलं होतं.

मुलगी आता बारावीत आहे, प्रीकॅल्क्युलस आणि फिजिक्स करते आहे. नोव्हेंबरात अर्ज भरायचे आहेत. वहीचं ते पान आमच्या फ्रिजवर लावलेलं आहे. प्रश्नचिन्हं खोडली गेली आहेत, बारावीच्या रकान्यातली दोन घरं अजून पेन्सिलीत आहेत.

मुख्याध्यापक सरांनी दिलेल्या दाखल्याची प्रत, मुलीचं आणि शाळेचं नाव झाकून, सोबत जोडली आहे. जागा असेल तर तो नमुना म्हणून छापावा ही विनंती.

आपली,
एक वाचक पालक
(मूळ सांगली, सध्या कॅलिफोर्निया)