डिकीच्या दांड्यांना हात लावण्याआधी

पुणे, १२ जून २०२५

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. फोर्ड मस्टँग गाडीच्या डिकीचं झाकण अर्ध्यावर नेऊन तू हात सोडतेस आणि ते धाडकन खाली येतं. तीन वेळा मी झाकणच पाहत होतो. चौथ्या वेळी मागे उभी असलेली आर्या दिसली. डिकीत डोकावायचं तिचं वय आहे. म्हणून फोनवर घाईत सांगण्यापेक्षा लिहून काढतो आहे. झाडूच्या दांड्याचा टेकू लावून तू सामान काढतेस, ते हे काम होईपर्यंत बंद ठेव. डिकी उघडूच नकोस.

गेल्या उन्हाळ्यात तुझ्याकडे आलो होतो तेव्हा आपण टॉर्च घेऊन मागच्या सीटच्या पाठीमागे पाहिलं होतं, आठवतं? दोन बारीक पोलादी दांड्या एकमेकींना ओलांडून आडव्या गेल्या आहेत. डावीकडच्या बिजागरीला उचलणारी दांडी उजवीकडे अडकवलेली, आणि उजवीकडची डावीकडे. तू विचारलं होतंस की सरळ आपापल्या बाजूला का नाही बसवल्या. तेव्हा आर्या रडायला लागली आणि उत्तर राहून गेलं.

या दांड्या म्हणजेच स्प्रिंगा. वेटोळी स्प्रिंग डोळ्यांना स्प्रिंग दिसते, ही दिसत नाही, पण काम तेच करते: झाकण बंद करताना दांडी पिळली जाते, उघडताना तो पीळ झाकणाला वर उचलतो. झाकण आडवं असतं तेव्हा त्याचा भार सर्वांत जास्त, आणि नेमका तेव्हाच दांडीतला पीळही सर्वांत जास्त असतो. झाकण वर जाईल तसे दोन्ही उतरत जातात. दांडी आखूड असती तर थोड्याशा पिळालाच ताठ झाली असती आणि झाकणाने उसळी मारली असती. लांबी दुप्पट केली की ताठरपणा निम्मा होतो. म्हणून गाडीची रुंदी वापरून त्या आडव्या नेल्या आहेत. मला ही रचना फार आवडते. जागा तीच, पोलाद थोडं, आणि काम हळुवार.

नव्या दांड्या मागवू नकोस. पोलादाचा ताठरपणा नुसत्या वयाने जात नाही. गंजाने दांडी बारीक झाली तर मात्र जातो, आणि वेगाने जातो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. जाडी पाच टक्के घटली की ताठरपणा साधारण अठरा-एकोणीस टक्के घटते. मिशिगनमधल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, म्हणून मी तेव्हाच दोन्ही दांड्यांवर नख फिरवून पाहिलं होतं. खड्डे नव्हते. माझा संशय वेगळा आहे. एप्रिलमध्ये तू झाकणावर क्रोमचं लगेज रॅक बसवलंस. तक्रार त्यानंतरची आहे. आधी रॅक काढ आणि दोघांनी मिळून झाकण उघडून बघ. ते आपलं आपण वर थांबलं तर दांड्या ठणठणीत आहेत, त्यांच्यावर फक्त वजन वाढलंय.

मग काम एवढंच. दांडीचं वाकवलेलं टोक ज्या पट्टीत अडकतं, तिला खाचा आहेत. टोक एक खाच पुढे सरकवायचं. ज्या खाचेकडे नेताना जास्त जोर लागतो, ती जास्त पिळाची. दोन्ही बाजूंना सारखीच खाच घे, नाहीतर झाकण एका कोपऱ्यातून आधी उचललं जातं आणि बिजागरी ओढली जाते. झाकणाच्या कडेची फट दोन्हीकडे सारखी नसेल तर ती आधी बिजागरीच्या बोल्टवर जुळव. फट बिघडलेली असताना पीळ लावलास तर सगळं दुसऱ्यांदा करावं लागेल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे ते.

माझ्या उजव्या भुवईवरची खूण. तू लहानपणी विचारलंस तेव्हा मी सायकलवरून पडलो असं सांगितलं. ते खोटं होतं. भोसरीच्या कारखान्यात पिळाच्या दांड्या तपासायच्या बाकावर मी काम करत असे. साडेतीनची बस गाठायची होती. बाकावर एक दांडी पिळलेली होती. ती सोडवायचा लांब दांड्याचा पाना समोर भिंतीवर टांगलेला होता. चार पावलं चालायचा कंटाळा केला आणि स्क्रूड्रायव्हरने टोक उचकटलं. स्क्रूड्रायव्हर कधी हातातून सुटला ते कळलंच नाही. पाच टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली असतं तर डोळा गेला असता. तू दुसरीत होतीस. घरात कोणी घाबरू नये म्हणून सायकल पुढे केली, आणि मग ते खोटं तसंच राहिलं. आता तुझ्या हातात तसलीच दांडी येणार आहे, म्हणून खरं सांगतो.

तेव्हा स्क्रूड्रायव्हर नको. टोकावर चपखल बसेल असा पोकळ पाइप घे, हातभर लांब. झाकण पूर्ण उघडं ठेवूनच काम कर, कारण तेव्हा पीळ सर्वांत कमी असतो. कमी असतो, संपलेला नसतो. दांडी खाचेतून निघाली की झाकणाला आधार उरत नाही, म्हणून मापाने कापलेला लाकडी टेकू लाव आणि शिवाय अनिकेतला झाकण धरायला उभा कर. दोन्ही दांड्या एकदम सोडू नकोस. चष्मा आणि चामडी हातमोजे घाल. तोंड पाइपच्या वाटेत आणू नकोस, बाजूला उभी राहा. खाली आणि शेल्फच्या कडेला जुनी चादर अंथर. आजीची गोधडी नव्हे.

दातेरी पकडीने दांडी आवळू नकोस. पिळाचा ताण पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो, आणि दाताचा एक ओरखडा उठला की तडा तिथूनच सुरू होतो. टोक वाकवायला गरम तर मुळीच करू नकोस. एकतर पोलादाचं पाणी उतरतं, आणि दुसरं म्हणजे या गाडीत डिकीची जमीन हीच पेट्रोलची टाकी आहे. टाकीचा वरचा पत्रा म्हणजेच तुझा सामानाचा तळ. तिथे ठिणगी नको.

झालं की झाकण अर्ध्यावर सोडून बघ. हळू वर गेलं पाहिजे. लॉक सुटताच उडालं तर पीळ जास्त झाला, एका खाचेने मागे ये.

चासी नंबरातलं दुसरं अक्षर एफ निघालं तेव्हा तू केवढी खूश झाली होतीस. एफ म्हणजे डिअरबॉर्नच्या कारखान्यात बनलेली, तुझ्या घरापासून वीस मिनिटांवर. तिथल्याच हेन्री फोर्ड संग्रहालयात आपण एक नंबरची पांढरी मस्टँग पाहिली. ती १९६४ मध्ये न्यूफाउंडलंडच्या एका वैमानिकाला विकली गेली होती, आणि कंपनीने ती परत मिळवायला त्याला दहा लाख एकावी मस्टँग दिली. तिच्यासमोर तू मला म्हणालीस, "बाबा, आपली पण अशीच ठेवायची." तो "आपली" शब्द मी इकडे घेऊन आलो आहे.

शनिवारी करा. तुमचे सकाळचे दहा म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसात. फोन कामाच्या जागी टेकवून ठेव, मी नुसता बघत बसेन. आर्याला त्या वेळी आतल्या खोलीत दुसऱ्या फोनवर आईजवळ दे, ती तिला गोष्ट सांगायला तयार आहे.

तुझा,
बाबा