रोलरवर चढवण्याआधी गाडी परत पाठवलीत, त्याबद्दल अण्णांना उघडं पत्र

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार.

उद्यमबागेतल्या तुमच्या शेडमध्ये आमची रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० मोटारसायकल ट्यून झाली, त्याबद्दल हे आभाराचं पत्र. तोंडावर सांगायला गेलो तर तुम्ही विषय बदलता. शिवाय बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात सायलेन्सर आणि फिल्टर बदलून थेट डायनोवर (चाक रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) जाणारे बरेच जण आहेत. त्यांनाही तुम्ही काय केलंत ते कळावं, म्हणून उघडंच लिहितोय.

पहिले आभार त्या दिवसाचे, ज्या दिवशी तुम्ही गाडी रोलरवर घेतलीच नाहीत. दोन्ही सायलेन्सर बदललेले, एअरबॉक्सचं तोंड मोकळं केलेलं, जास्त हवा सोडणारा फिल्टर बसवलेला आणि हेडर पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारे) कोटिंगसाठी काढून परत लावलेले. पिगीबॅक मॉड्युलही (ईसीयू म्हणजे इंजिनच्या संगणकाचं पेट्रोल कमी-जास्त करणारी जोडपेटी) जोडून तयार होतं. तुम्ही टॉर्च मारून उजव्या सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी बघितलंत. फ्लँजच्या खालच्या कडेला करंगळीच्या नखाएवढी काळी, मऊ काजळी होती, जिभेसारखी खाली ओघळलेली. बोट फिरवून तुम्ही म्हणालात, "जुनंच गॅस्केट घातलंय की. हे काढा, मग या." गाडीचा दोष नव्हता, बसवण्याचा होता. हेडर एकदा सुटला की दबलेलं गॅस्केट पुन्हा त्याच मापाला बसत नाही.

एवढी बारीक गळती का महत्त्वाची, हे तुम्ही समजावलंत ते इथे मांडतो. एक्झॉस्टमध्ये दाब सतत बाहेरच ढकलत नाही. प्रत्येक स्फोटाच्या लाटेमागून क्षणभर ओढ तयार होते आणि फटीतून बाहेरची हवा आत येते. ऑक्सिजन सेन्सरला ती दिसते आणि तो ईसीयूला कळवतो की पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू पेट्रोल वाढवतो. प्लग काळा पडतो, ॲव्हरेज घसरतं, आणि गेजवर मात्र मिक्श्चर पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, दिसत राहतं. अशा गाडीवर मॅप, म्हणजे कुठल्या थ्रॉटलला आणि आरपीएमला किती पेट्रोल याचा तक्ता, लिहिला तर तो त्या फटीसाठी लिहिला जातो. सायलेन्सरमधले फटाकेही बऱ्याचदा याच फटीतून येतात. थ्रॉटल मिटल्यावर आत आलेली ताजी हवा आणि उरलेलं पेट्रोल गरम पाइपात पेटतं. पोरांना तो आवाज आवडतो, पण तो थांबवायला पेट्रोल ओतणं हा उपाय नव्हे.

गळती शोधायची तुमची पद्धत कुणीही घरी करू शकेल. इंजिन थंड आणि बंद. एका सायलेन्सरच्या तोंडाला व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी बाजू लावायची, दुसऱ्याचं तोंड ओल्या फडक्याने बंद करायचं आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे आले की जागा सापडली. नवीन गॅस्केट घातल्यावर दोन्ही नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं करायचं नाही. एकदा तापून थंड झाल्यावर परत तपासायचे. त्यानंतरही तुम्ही लगेच वेळ दिली नाहीत. पन्नास-साठ किलोमीटर फिरवून आणा म्हणालात, कारण गळतीच्या काळात ईसीयूने शिकून ठेवलेली पेट्रोलची वाढ आधी उतरायला हवी होती.

दुसऱ्या खेपेला रोलरच्या आधी तासभर गेला. टॅपेटचं अंतर थंड इंजिनवर तपासलं. दोन्ही थ्रॉटल बॉडींचा व्हॅक्युम आयडलला आणि पुन्हा ३००० आरपीएमला जुळवला, कारण एक सिलिंडर जास्त ओढत असेल तर दोघांना मिळून एकच मॅप देता येत नाही. चेनचा ढिलेपणा, मागच्या टायरची हवा, बॅटरीचं व्होल्टेज. या व्होल्टेजकडे फारसं कुणी बघत नाही. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडायला जो वेळ वाया जातो तो कमी व्होल्टेजला वाढतो, म्हणजे चार्जिंग कच्चं असलेली गाडी त्याच मॅपवर पातळ चालते.

वाइडबँड सेन्सरसाठी (मिक्श्चर नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) १८ मिमी, दीड पिचच्या आट्याचा नट तुम्ही हेडरवर वरच्या बाजूने, तिरका वेल्ड केलात. खालून लावला असता तर थंड पाइपात साचणारं पाणी तापलेल्या सेन्सरवर येऊन त्याची सिरॅमिक तडकली असती. सेन्सरच्या कंट्रोलरची अर्थ वायर तुम्ही आकडे नोंदवणाऱ्या लॉगरच्याच अर्थला जोडलीत. कंट्रोलर ० ते ५ व्होल्टमध्ये १० ते २० एएफआर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) दाखवत असेल, तर अर्थमधला ०.१ व्होल्टचा फरक गेजवर ०.२ ची चूक दाखवतो. एवढ्या चुकीवर माणूस दिवसभर पेट्रोल वर-खाली करत बसेल.

पट्टे बांधताना तुमचं "निधान, निधान" (कानडीत हळू, हळू) अजून कानात आहे. पुढचं चाक चॉकमध्ये, फोर्क अर्धा दाबलेला, मागचे पट्टे टायर घसरणार नाही इतपतच. जास्त आवळले तर टायर रोलरवर चेपून ताकद खातो, आणि दुसऱ्या दिवशी वेगळे आवळले तर आकडे जुळत नाहीत. म्हणून पट्ट्यावर खडूची खूण. हवेवर आणि तेलावर थंड होणारं इंजिन असल्याने मोठा ब्लोअर सिलिंडरवर आणि ऑइल कूलरवर दोन्हीकडे. तेल ८० ते ९० अंशांवर आल्याशिवाय पुल (पूर्ण थ्रॉटलची मोजणीची धाव) नाही, आणि दोन पुलांच्या मध्ये पुन्हा त्याच तापमानाला येईपर्यंत थांबायचं. चौथा गिअर, २५०० पासून ७२०० पर्यंत पूर्ण थ्रॉटल. तीन पुल एकमेकांपासून एक टक्क्याच्या आत आले तेव्हाच पहिला कागद छापलात.

त्या कागदावर तुम्ही मोजलेला आणि हवेच्या हिशेबाने दुरुस्त केलेला असे दोन आकडे ठेवलेत, याचे वेगळे आभार. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब ९२५ मिलिबारच्या आसपास, म्हणजे सिलिंडरला प्रत्येक ओढीत किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के हवा कमी. एसएई जे१३४९ पद्धतीत हिशेब २५ अंश आणि ९९० मिलिबार कोरड्या दाबाला नेतात. आपल्याकडे ३० अंशांच्या दिवशी गुणक १.११ च्या जवळ जातो, म्हणजे चाकावर ३६ बीएचपी मोजले तर कागदावर ४० येतात. जुनी एसटीडी पद्धत निवडली की तेच ४० साडेएकेचाळीस होतात, आणि इंजिनला तर कुणी हातही लावलेला नसतो! आणखी एक फसगत तुम्ही दाखवलीत. मोबाइलवरच्या हवामान ॲपमधला दाब बहुधा समुद्रसपाटीला आणलेला असतो, १०१० वगैरे. तो डायनोत भरला तर सगळा गुणक चुकतो. दाब शेडमधल्या बॅरोमीटरवरचा हवा, आणि तापमानाचा सेन्सर एअरबॉक्सच्या तोंडाजवळ, ब्लोअरच्या गरम झोतात नव्हे. कंपनीचा ४७ चा आकडा क्रँकवरचा असतो. गिअर, चेन, टायर मिळून दहा-पंधरा टक्के खातात, तेव्हा चाकावर ४० आले म्हणून कुणी हिरमुसायचं कारण नाही.

आता मॅपिंग, जिथे तुम्ही अख्खी दुपार दिलीत. सगळ्यांची नजर शेवटच्या आकड्यावर असते. तुम्ही त्या आकड्याला एकूण चार पुल दिलेत आणि बाकी वेळ २ ते ४० टक्के थ्रॉटलवर घालवलात. गाडी रोज तिथेच तर चालते. त्यासाठी ब्रेक असलेला डायनो लागतो. नुसत्या वजनदार रोलरच्या डायनोवर गाडी एका आरपीएमला धरून ठेवता येत नाही, तिथे पूर्ण थ्रॉटलचा पुल तेवढा नीट मोजता येतो.

२० टक्के थ्रॉटलला ३५०० ते ४५०० मध्ये टॉर्कला खड्डा होता. जांबोटीच्या चढाला गाडी जिथे रेंगाळायची, तो हाच. तुम्ही ब्रेकवर ४००० ला गाडी धरलीत आणि पेट्रोल ४ टक्के वाढवलंत, तशी टॉर्कची सुई सरकली. अजून ४ टक्क्यांनी थोडी सरकली. आणखी ४ दिल्यावर जागची हलली नाही. मग तुम्ही उलटे निघालात, दोन-दोन टक्के काढत, आणि टॉर्क जिथे पडायला लागला त्याच्या एक पायरी वर थांबलात. तेवढाच टॉर्क कमीत कमी पेट्रोलमध्ये. मॅपची बहुतेक प्रत्येक चौकट अशी, ५०० आरपीएमच्या अंतराने. इंजिन तापलं की तुम्ही बाजूला जाऊन बसायचात, घाई केली नाहीत.

जिथे ईसीयू स्वतः सेन्सर बघून पेट्रोल ठरवतो, त्या हलक्या, स्थिर थ्रॉटलच्या चौकटी तुम्ही शून्यच ठेवल्यात. तिथे मॉड्युलने ५ टक्के वाढवले की ईसीयू ५ टक्के कापतो, आणि हातात काही येत नाही. पूर्ण थ्रॉटलला लॅम्ब्डा (प्रत्यक्ष एएफआर भागिले त्या इंधनाचं योग्य प्रमाण) ०.८७ ते ०.८८ ठेवलात, अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला तेवढी जाडी, म्हणजे जास्तीचं पेट्रोल, लागते म्हणून. एएफआर सोडून लॅम्ब्डातच बोला, हा तुमचा आग्रह आता पटलाय. निव्वळ पेट्रोलचं योग्य प्रमाण १४.७, पण २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२० चं १३.५ च्या जवळ. गेजवर १२.९ दिसतं ते पेट्रोलच्या पट्टीवर, प्रत्यक्षात ई२० मध्ये तेव्हा ११.९ चालू असतं. लॅम्ब्डा दोन्हीकडे ०.८८. ई१० च्या काळात केलेला मॅप आज ई२० वर पूर्ण थ्रॉटलला चारेक टक्के पातळ पडतो, कारण तिथे सेन्सर दुरुस्ती करत नाही. ज्यांनी तेव्हा ट्यून केलं असेल त्यांनी निदान एक पुल मारून बघावा. नेहमी जे पेट्रोल भरता तेच टाकीत घालून या, हे तुमचं सांगणं त्याचसाठी.

७००० च्या पुढे गेज एकदम पातळ दाखवायला लागलं तेव्हा आमच्यातल्या एकाने पेट्रोल वाढवा म्हटलं. तुम्ही आधी आवाज ऐकलात आणि प्लगची कॅप काढलीत. ती सैल होती. मिसिंग झालं, म्हणजे ठिणगी चुकली, की न जळलेला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो आणि सेन्सर त्याला पातळ समजतो. तिथे पेट्रोल वाढवलं असतं तर मिसिंग अजून वाढलं असतं. इंजेक्टरचा हिशेबही तुम्ही बोटांवर करून दाखवलात. ७००० ला चार स्ट्रोकचा एक फेरा १७.१ मिलिसेकंदांचा. इंजेक्टर ९ मिलिसेकंद उघडा म्हणजे ५२ टक्के. ८५ च्या खाली आहे तोवर मोठ्या इंजेक्टरची गरज नाही. आमचा तो खर्च तिथेच वाचला.

ठिणगीच्या टायमिंगला तुम्ही एक-एक अंशाने हात लावलात आणि टॉर्क वाढायचा थांबल्यावर दोन अंश मागे आलात. डायनोवर ब्लोअर असतो, वंटमुरीच्या चढाला मागे सीट भरून जाताना नसतो.

शेवटचं, गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटाचं. इथे लिहिलेला मॅप गोव्यात उतरल्यावर पातळ होईल का, हा प्रश्न आम्ही तीनदा विचारला असेल. तुमचं उत्तर स्पष्ट होतं. पिगीबॅक हे ईसीयूच्या पेट्रोलवर टक्केवारी वाढवतं आणि दाबाची दुरुस्ती ईसीयू स्वतः करत राहतो, त्यामुळे चिंता नाही. पण कार्बोरेटरची गाडी इथे नेमकी जेट केली तर खाली दाट हवेत पातळ होते. ती थोडी जाड ठेवूनच पाठवायची. हे ऐकून आमच्यातल्या एका जुन्या कार्बोरेटरवाल्याने मेन जेट एक नंबर मोठा घातला.

सायलेन्सरचे आतले, आवाज अडवणारे बॅफल काढू नका आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तसाच ठेवा, हे तुम्ही निक्षून सांगितलंत. आवाजाने ताकद येत नाही हे तुमच्याच दोन कागदांवर दिसलं. बॅफलसह आणि बॅफलशिवाय, ३००० ते ५००० मध्ये बॅफलवालाच वर होता.

तिसऱ्या खेपेचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. लॉग बघायचा होता म्हणालात. तो लॉग, तिन्ही कागद आणि मॅपची फाइल आम्ही सीटखाली प्लास्टिकमध्ये ठेवली आहे, त्या दिवशीचा दाब, तापमान आणि टायरची हवा वर लिहून. कणकुंबीकडच्या पावसात फिल्टर ओला होऊन बसतो. तो साफ करून, हलकं तेल लावून, खंडेनवमीच्या आधी एक पुल मारायला येतो. रोलरची पूजा तुम्ही करालच, हार आम्ही आणतो.

तुमचे,
बेळगाव-खानापूर-निपाणी भागातले आम्ही पाच जण