चि. बाळूस

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचा तुझा फोन आला आणि जीव भांड्यात पडला. मामी शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा बोलले नाही. तुझी बॅग भरताना बाजूच्या कप्प्यात पित्ताच्या गोळ्या दिसल्या. पाकीट अर्धंअधिक संपलेलं. तुझा मामा गेल्यावर दादाच्या उशाखालीही तसलंच पाकीट निघालं होतं. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही.

पण ते राहू दे. आज मला तुझं कौतुक लिहायचंय. मामाच्या दहाव्याला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भाऊबंद कुजबुजायला लागले. तू पुढं होऊन हात जोडलेस आणि म्हणालास, "मामा, पिंकीच्या लग्नाचं मी बघतो." लगेच शिवला. आक्का माझा हात धरून म्हणाली, "पोरगं मामावर गेलंय." ऊर भरून आला. आणि त्याच वेळी पोटात गोळाही आला, कारण सगळ्याच बाबतीत तू त्याच्यावर जायला नको आहेस.

बहात्तरचा दुष्काळ मामानं तुला पुष्कळदा सांगितला असेल, पण स्वतःचं वगळून. 1972 साली मी अगदी लहान होते, दादा पाचवी-सहावीत. विहिरीला पाणी नव्हतं, जनावरं विकून झाली होती. आई आणि अण्णा पाझर तलावाच्या कामावर जायचे. अण्णा खणायचे, आई मातीच्या पाट्या वाहायची. तिथं मजुरांना सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोड खाऊ, वाटायचे. शाळा सुटली की दादा कामावर पळायचा आणि सुकडी सदऱ्याच्या खिशात भरून माझ्यासाठी आणायचा. शिवणीत अडकलेला चुरासुद्धा खिसा उलटा करून माझ्या तळहातावर झटकायचा. "तू खाल्लीस का?" विचारलं की म्हणायचा, "तिथंच खाल्ली." मला ते खरं वाटायचं. रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी माझ्या घशाखाली उतरत नसे, तर ती पाण्यात भिजवून, मीठ-मिरची लावून घास भरवायचा. आई पुढं कितीतरी वर्षांनी बोलली, पोर तिथं कधी काही खात नव्हतं म्हणून.

लपवायची सवय त्याला तेव्हापासूनची. भूक लपवली, पुढं छातीतली कळ लपवली. त्या रात्री घामानं बनियन भिजली होती, डावा हात दुखत होता आणि मामीला सांगत होता, पित्त झालंय, सोडा दे. दरवर्षी महादेवाच्या कावडीबरोबर शिंगणापूरचा मुंगी घाट चढणारा माणूस, त्याला काय होणार, असं आम्हीही धरून चाललो. पहाटे गाडीत घातला तेव्हा उशीर झाला होता.

तुला पोहायला त्यानं त्याच पाझर तलावात शिकवलं, आठवतं? पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला आणि तू काठावरचा दगड घट्ट धरून रडत बसलेला. हा कपड्यांसकट आत उतरला, गळाभर पाण्यात उभा राहून त्यानं हात पसरले. "माझ्यापर्यंत ये, पुढं नको." तू हातपाय मारत जवळ आलास की हा हळूच एक पाऊल मागं सरायचा. घरी येऊन तू आजीकडं तक्रार केलीस, मामा फसवतो म्हणून. आणि संध्याकाळी त्याच्याच ताटात जेवायला बसलास.

बघ, कुठून कुठं गेले. बाळू, ईसीजी काढून घे. साखर आणि बीपी बघून घे. डॉक्टरला मामाचं सगळं सांग. घरात असं झालंय हे त्यांना कळायला हवं. रात्री अकराला जेवायचं, दोनपर्यंत लॅपटॉप, सकाळी उपाशीपोटी चहा, यानंही जळजळत असेल. असेलही. पण ते डॉक्टरनं म्हणू दे, तू ठरवू नकोस. घाम सुटला, जबडा किंवा हात दुखला, तर मध्यरात्र असली तरी सूनबाईला उठव. तिची झोपमोड होईल म्हणून गप्प राहू नकोस. तुझे वडीलही असेच होते, पण तो विषय आज नको.

फार बोलले. एवढा मोठा झालास, टीम सांभाळतोस, तुला शिकवायची गरज नाही हे मला कळतं. रागावू नकोस. दादा गेल्यापासून रात्री झोप लागत नाही, मग हेच सगळं डोक्यात फिरत राहतं.

मामी बरी आहे. दोन घास खाते. पिंकीला कॉलेजला पाठवलं कालपासून. मोटारीचं वायरिंग पिंट्यानं करून दिलं, त्याचे पैसे द्यायचेत, ते तू बघ.

चैत्रात मामाच्या जागी कावडीला खांदा देतो म्हणालास. दादाला फार बरं वाटलं असतं. तपासणी करून, डॉक्टरनं हो म्हटलं तर जरूर चढ. नाही म्हटलं तरी शिंगणापूरला ये. गाडीनं वर जाऊ आणि देवळापाशी मामीबरोबर उभं राहू.

रिपोर्ट आले की लगेच कळव. चांगले आले तरी कळव.

तुझी,
आई