आगरातल्या जिप्सीचं इंजिन बदलून देणाऱ्या मामांना

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि गाव कुठे लिहायचं नाही, ही तुमची अट पाळतो आहे. फोंड्यापासून वाळपईपर्यंत जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या मंडळींना नाव न घेताही तुम्ही कोण ते कळेल. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. घरी येऊन हात जोडले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र.

बाबांची ही जिप्सी, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी मारुतीची छोटी जीप, जुन्या ४१० मॉडेलची. मारुतीने १९८५ च्या अखेरीस जिप्सी बाजारात आणली, तेव्हाचं ते ९७० सीसीचं, ४५ अश्वशक्तीचं छोटं इंजिन. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागायतीत, वरच्या बांधापर्यंत जायला दुसरं वाहन चालत नाही. पिकअप पहिल्याच वळणावर अडकतो, ट्रॅक्टरला रस्ता अरुंद पडतो. पोफळीच्या रांगांमधून, व्हाळ (ओढा) ओलांडून, चिऱ्यांच्या उघड्या कातळावरून ही एवढीशी गाडी नारळ, सुपारी, शेणखत आणि माणसं वाहत आली. पण अलीकडे भरल्या गाडीने शेवटची चढण घेताना तिचा जीव जायचा. लो रेंजमध्येही (चढणीसाठीच्या, कमी वेगाच्या जादा गिअरमध्ये) पहिल्या गिअरवरून दुसरा टाकला की गाडी तिथेच बसायची, आणि मागे माणसं असताना त्या उतारावर गाडी बसणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

मी तुमच्याकडे आलो तो मोठं इंजिन टाकायचं ठरवूनच. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, “इंजिन लहान पडतंय की दमलंय?” हा प्रश्न मला आधी कोणीच विचारला नव्हता. तुम्ही चारही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलंत, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलंत. ऑइल सोडल्यावर काटा वर चढला. म्हणजे व्हॉल्व्ह बरे होते, रिंगा आणि बोअर झिजले होते. तुम्ही सरळ सांगितलंत की बोअर करून रिंग-पिस्टन बदलले तर गाडी पूर्वीसारखी होईल, त्यातच भागत असेल तर मोठ्या इंजिनाचा खर्च करू नकोस. हातात आलेलं काम असं परत देऊ पाहणारी माणसं किती असतील? आमचं ओझंच आता वाढलंय, गाडी नवी होती तेव्हाही ती चढण तिला जड जायची, हे मी सांगितलं, आणि मगच तुम्ही पुढचं बोललात.

तेव्हा जो भेटेल तो डिझेल टाक म्हणत होता. डिझेल ओढतं, डिझेल स्वस्त पडतं, अमक्याने टाकलंय. तुम्ही नाही म्हणालात आणि का नाही ते गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून दाखवलंत. पहिला गिअर, लो रेंज आणि डिफरन्शियल (ॲक्सलमधला दातेरी चाकांचा संच) मिळून इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, चाकाशी पोचेपर्यंत तिसाहून जास्त पटींनी वाढतो. म्हणजे इंजिनाशी दिसणारा थोडासा फरक पुढच्या ॲक्सलच्या जॉइंटवर केवढा होतो! हजारभर किलोंच्या गाडीसाठी घडवलेले ते जॉइंट, एक चाक दगडात अडकलेलं असताना जड डिझेलचा झटका किती दिवस सोसतील? शिवाय बिडाच्या त्या इंजिनाचं वजन पुढच्या पाट्यांवर, आणि त्याची थरथर जुन्या चासीला. तेव्हा तुम्ही म्हणालात, “गाडीच्या घरातलंच इंजिन घेऊ.”

घरातलं म्हणजे पुढे १९९६ मध्ये आलेल्या जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं. कार्बोरेटरवालं, ६० अश्वशक्तीचं. आकड्यांत पाहिलं तर ४५ चे ६०, ऐकणाऱ्याला काही फार वाटत नाही. पण ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे ताकद वाढली तरी पुढचं वजन वाढत नाही, आणि गाडीचा तोल होता तसा राहतो. नंतर आलेलं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं) ८० अश्वशक्तीचं, तेही मिळत होतं. मला त्याचा मोह होता. तुम्ही विचारलंत की आषाढात वरच्या बांधावर गाडी बंद पडली तर तिथे स्कॅनर कोण आणणार. एमपीएफआयला टाकीत जास्त दाबाचा पंप, परतीची नळी, कंट्रोल युनिट आणि त्याचं सगळं वायरिंग. कार्बोरेटर मात्र पेचकस घेऊन जाग्यावर उघडता येतो. आमच्या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ते डोळ्यांपुढे ठेवून तुम्ही निवड केलीत. शहरात फिरणाऱ्या गाडीसाठी तुम्ही कदाचित वेगळं सांगितलं असतं, आणि तेही बरोबरच ठरलं असतं.

मारुतीच्याच एस्टीम कारचं इंजिन निम्म्या किमतीत देतो असं एकाने सांगितलं होतं, तेव्हाही तुम्ही थांबवलंत. कूळ तेच, पण एस्टीममध्ये ते आडवं बसतं, जिप्सीत उभं. मग ऑइलचं चेंबर वेगळं, फाउंडेशन (इंजिन चासीवर धरणारे आधार) वेगळी, पाण्याची तोंडं वेगळी, डिस्ट्रिब्युटर फायरवॉलला भिडणार. वाचलेले पैसे लेथवाल्याकडे आणि वेल्डरकडे जाणार आणि वर गळती राहणार. तुम्ही भंगारात निघालेली किंगच शोधलीत, इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स जोडीने घेतलात, आणि विकणाऱ्याकडून इंजिन नंबरासह बिल लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ दिले नाहीत.

त्याआधी कागदाचा विषय तुम्हीच काढलात, आणि तो इथे मुद्दाम लिहितो, कारण हौशी मंडळी नेमका हाच भाग वगळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, बनवणाऱ्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणी पुस्तकातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. ९७० च्या जागी १२९८ म्हणजे सरळ तपशीलच बदलला. तुम्ही म्हणालात, ही गाडी गेटाबाहेर जाणार नसेल तरच मी हात लावतो. आमची गाडी तशीही आता बाजारात जात नव्हती. गेटापर्यंत माल ती आणते, पुढे भाड्याचा पिकअप. तरी तुम्ही माझ्याकडून, माझ्या भावाकडून आणि गाडी चालवणाऱ्या पोराकडूनही शब्द घेतलात. गाडी रस्त्याने गॅरेजला न्यायला नको म्हणून हत्यारं घेऊन स्वतः आमच्या मांगरात (आगरातल्या शेडमध्ये) येऊन काम केलंत. जुनं इंजिन विकू दिलं नाहीत. आतून ऑइल सोडून, तोंडं बंद करून, प्लास्टिकात गुंडाळून ते माळ्याखाली ठेवलंय. कधी गाडी पुन्हा रस्त्यावर काढायची झाली तर तेच बोअर करून बसवायचं, कारण नोंदणी पुस्तकात नंबर त्याचा आहे.

इंजिन मांगरात येऊन पडलं होतं आणि मी ते बसवायची वाट पाहत होतो. तुम्ही मात्र गाडीखाली शिरलात. आधी ब्रेक. मास्टर सिलिंडर, रबरी होज, लायनर, सगळं नवं. मग चासी. तांबडी माती आणि पावसाचं पाणी आत साचून जिथे पत्रा पोखरला होता तिथे हातोडीने ठोकून ठोकून पाहिलंत, कुजलेला भाग कापून नवा जोडलात. स्टिअरिंग बॉक्सजवळची चीर मला दिसलीही नव्हती. मागे बसणारी आमच्या आगरातली बायका-माणसं तुमच्या ध्यानात होती, हे मला तेव्हाच कळलं. त्याबद्दल आई तुमचं नाव रोज काढते.

मग इंजिन. ते बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचे पुढचे-मागचे सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं बदलून घेतलंत. पुन्हा इंजिन काढायला लागू नये म्हणून. चेन-कप्पीला लटकलेलं इंजिन बोटभर पुढे, बोटभर मागे करत तुम्ही फाउंडेशनच्या जागा खुणावल्या आणि त्या पक्क्या झाल्याशिवाय गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) यांच्यामधला छोटा शाफ्ट मापू दिला नाहीत. ट्रान्सफर केस जुन्या गाडीचाच ठेवलात, त्याची लो रेंज किंगपेक्षा खालची म्हणून. चढायला तर बरंच, पण भरली गाडी उतरताना ब्रेकवर भार न टाकता इंजिनावर धरता येते, ते जास्त मोलाचं. रेडिएटर किंगचा मोठा बसवलात. चढणीवर गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढा, समोरून वारा कसला येणार? सगळी हवा पंख्यानेच ओढायची. म्हणून पंख्याभोवतीचं आच्छादन नीट बसेपर्यंत तुम्ही समाधान मानलं नाहीत.

तुमच्याकडून जे शिकायला मिळालं त्यातलं मला सर्वांत आवडलेलं म्हणजे ब्रीदरच्या, हवा आत-बाहेर जायच्या, नळ्या. डिफरन्शियल चालून चालून तापलेलं असतं. ते व्हाळाच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून पाणी आत ओढते. दोन्ही ॲक्सलना आणि गिअरबॉक्सला तुम्ही रबरी नळ्या लावून त्यांची तोंडं बॉनेटखाली उंचावर बांधलीत. कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारी साधी नळी! तसंच इंजिनापासून चासीपर्यंतची जाड अर्थिंगची पट्टी. ती नसली तर सेल्फचा एवढा मोठा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि केबल जळते, हे तुम्ही माझ्या पुतण्याला समजावलंत. पाणी खोल असेल तर आधी फॅन बेल्ट काढायचा, कारण पाण्यात फिरणारा पंखा पुढे वाकून रेडिएटरच फाडतो, हेही त्याला सांगितलंत. तो आयटीआयला जातो. वर्गात ऐकलेलं तुमच्या हाताखाली त्याला खरं दिसलं. वाकडातिकडा का होईना, प्रत्येक नट तुम्ही त्याला आवळू दिलात, मग टॉर्क पान्याने तपासून किती कमी-जास्त झालं ते दाखवलंत. वेळ तुमचा गेला, शिकला तो.

आता गाडीचं सांगतो. वरची चढण भरल्या गाडीने लो रेंजच्या दुसऱ्या गिअरात जाते, तीही इंजिन न ओरडता. गुडघाभर पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियलचं ऑइल उघडून पाहिलं, दुधाळ झालेलं नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. तापमानाचा काटा मध्याच्या वर जात नाही. रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळला की तेवढा चढतो, म्हणून पाण्याचा पाइप मांगराच्या दाराशीच ठेवलाय. पेट्रोल जुन्या इंजिनापेक्षा कमीच लागतंय असं वाटतं, कारण पूर्वी पाय सतत तळाशी दाबलेला असायचा.

जिप्सी कंपनीने २०१९ मध्ये बंद केली. लष्करातल्या गाड्यांमुळे भाग अजून मिळतात, पण ते ओळखून, पारखून बसवणारे हात कमी होत चालले आहेत, याची मला मनापासून काळजी वाटते. आमच्याच भागातल्या दोघांनी ही गाडी पाहून विचारलंय. त्यांना मी आधी कलम ५२ सांगितलं, गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर जुनंच इंजिन बोअर करा म्हणालो, आणि मग तुमच्याकडे यायला सांगितलंय. फाउंडेशनचं रेखाटन आणि मधल्या शाफ्टचं माप तुम्ही खडूने आमच्या मांगराच्या दारावर लिहिलं होतं. पावसाने पुसायच्या आत पुतण्याने ते वहीत उतरवलंय. चवथीला तुम्ही घरी याल तेव्हा एकदा तपासून द्या, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा. टॅपेट क्लिअरन्सही (व्हॉल्व्हजवळची फट) तेव्हाच पाहू. पुतण्या फीलर गेज घेऊन तयार आहे, या वेळी तो करील आणि तुम्ही नुसतं बघा.

तुमचा,
सत्तरीतला एक कुळागरवाला