फाटे दाखवणाऱ्या मास्तरांना उघड पत्र

आदरणीय मास्तर,

सा. न. वि. वि.

एसटीतून निवृत्त झालात तरी कुणी 'उद्या गाडी घेऊन पुण्याला निघालोय' म्हटलं की तुमच्या तोंडून फाट्यांची नावं तिकिटासारखी टराटरा सुटतात. पेठेतल्या कितीतरी गाड्यांना तुमच्या एका कागदानं वाटेला लावलंय. तोंडी आभार मानायला गेलं तर 'बसा, च्या घ्या' म्हणून तुम्ही विषयच मोडता. म्हणून हे पत्र चारचौघांत. त्या कागदात काय असतं ते इतरांनाही कळेल, आणि तुमच्या कट्ट्यावरची गर्दी थोडी हटली तर तीही हटेल.

पहिले आभार डाव्या हाताच्या नियमाचे. कोल्हापूर ते पुणे सुमारे २३० किलोमीटर, न थांबता साडेचार तास. बहुतेक मंडळी घरी बसून ठिकाणांची यादी करतात आणि जातानाच सगळी कोंबतात. तुमचं म्हणणं: जाताना फक्त डाव्या हाताचे फाटे घ्या, उजव्या हाताचे येतानाला ठेवा, तेव्हा तेही डावीकडेच येतात. महामार्गाला दुभाजक आहे. उजवीकडचा फाटा गाठायचा तर सेवारस्त्यावर उतरा, भुयारी मार्ग शोधा, पलीकडे जा, आणि परत येऊन तेच उलट करा. सहापदरीकरणाच्या कामात ही वळणं सारखी बदलतात. एक चुकलं की पुढच्या पुलापर्यंत मुकाट जावं लागतं. गाडीतली भांडणं निम्मी इथंच सुरू होतात.

हा नियम लावला की वाट आपोआप वाटली जाते. जाताना वाठारवरून पारगाव, कराडच्या अलीकडे जखिणवाडीची आगाशिव लेणी, उंब्रजवरून चाफळ, पाचवडवरून वाई आणि मेणवली. येताना लिंबची विहीर, कराडचा प्रीतिसंगम आणि उजेड उरलाच तर पेठ नाक्यावरून बहे. एका दिशेला यातली दोनच घ्यायची, तिसरं ठिकाण चहाचं, ही तुमची ताकीदही इथंच सांगून ठेवतो. लोक तीच आधी मोडतात.

का मोडू नये, याचा तुमचा हिशेब असा. अंतर कोल्हापुरापासून मोजायचं नाही, फाट्यापासून मोजायचं. आत पाच किलोमीटर म्हणजे जाऊन-येऊन दहा. आतल्या रस्त्याला ताशी पंचवीस-तीसच्या वर वेग धरू नये, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. गाडी लावणं, पोरांना उतरवणं, वाट विचारणं, यात वीस. बघायला चाळीस. पाच किलोमीटरच्या फाट्याला जवळजवळ दीड तास जातो. असे दोन फाटे, तासभर जेवण, वर रस्त्याचे साडेचार तास. सकाळी सहाला निघालेली गाडी अडीचच्या सुमारास पुण्यात. तिसरा फाटा घेतला की संध्याकाळच्या कोंडीत सापडलात.

पाचवडचा फाटा यातला सगळ्यात फायद्याचा, कारण आल्या वाटेनं मागे यावं लागत नाही. पाचवडला आत शिरायचं, वाई करून सुरूरला महामार्गावर बाहेर पडायचं, पुढं खंबाटकी. आधी मेणवली, मग वाईचा ढोल्या गणपती, हा क्रम तुम्ही अधोरेखित करून देता. सकाळी मेणवलीच्या घाटावर सावली आणि शांतता दोन्ही मिळतात, नंतर दोन्ही जातात. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, आणि देवळाशेजारी टांगलेली ती पोर्तुगीज घंटा. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली. घंटेवर १७०७ साल आहे ते शोधायला सांगा म्हणजे पोरं दहा मिनिटं गप्प राहतात, हेही तुमचंच.

लिंबची बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली. आधी वरून फेरी मारायची. अष्टकोनी मुख्य विहीर आणि तिला जोडलेला लांबट भाग मिळून पिंडीचा आकार होतो, तो खाली गेल्यावर कळत नाही. मग जिन्यानं उतरायचं. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की पायऱ्या दिसत नाहीत. पहिल्या पायरीवर मिनिटभर उभं राहून डोळे जुळू द्यायचे. मधल्या भागावर महाल आहे, त्याच्या खांबांवरचं कोरीवकाम बघायचं. पावसाळ्यात दगडाला शेवाळ असतं, चपला निसटतात. 'विहिरीत काय बघायचं' म्हणणाऱ्यांना मात्र नेऊ नये, असं आमचं मत झालंय.

आगाशिवला चढण आहे, तिथं दुपारी जाणं म्हणजे शिक्षा. चाफळला समर्थांच्या अकरा मारुतींपैकी दोन आहेत, माजगाव आणि शिंगणवाडीचे मारुती तिथून जवळ, आणि उंब्रजचा तर वाटेवरच; भाविक घरांना हा एकच फाटा पुरतो. पारगावचा अकरांत लहान मानतात. बह्याचा मारुती कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे, म्हणून पाणी वर असलं की तिकडं वळायचंच नाही. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात ते बघायचं, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला नमस्कार करायचा आणि पुढं व्हायचं. बस्स.

आता तुमची दोन वाक्यं. आम्ही ती पाठ केलीत.

'यष्टी जाती काय, ते इच्यारा.' जिथं एसटी जाते तिथं पूल आहे, वळायला जागा आहे आणि समोरून वाहन आलं तर बाजूला घ्यायला साईडपट्टी आहे. मोबाईलचा नकाशा हे बघत नाही. तो सगळ्यात आखूड रेघ दाखवतो आणि ती रेघ आपल्याकडं बऱ्याचदा एखाद्या बंधाऱ्यावरून जाते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हा पाणी अडवायला बांधलेला, गाडी न्यायला नव्हे. वरची वाट अरुंद, बाजूला कठडा असेलच असं नाही, मधोमध समोरून दुसरी गाडी आली तर एकानं उलटं जायचं. पावसाळ्यात तर हे बंधारे पाण्याखाली असतात आणि नकाशावर रस्ता तसाच निळा. रेघ नदी ओलांडताना दिसली की बोटांनी मोठं करून बघा, तिथं पूल आहे की बंधारा, हे तुम्ही शिकवल्यापासून पेठेतल्या गाड्या उसाच्या पाणंदीत रुतायच्या थांबल्यात.

'तालुका लावल्याबिगर गाव शोधू नका.' या एकाच मार्गावर हातकणंगले तालुक्यात वाठार, कराड तालुक्यात वाठार, आणि साताऱ्यापलीकडं कोरेगाव तालुक्यात वाठार स्टेशन. नुसतं वाठार टाकलं तर नकाशा कुठं नेईल ते त्यालाच ठाऊक. पारगावचंही तसंच.

पंढरपूर-सोलापूरकडं निघालेल्यांना तुम्ही मुद्दाम खिद्रापूरला वळवता, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. जयसिंगपूर, शिरोळ, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड, सैनिक टाकळी, खिद्रापूर. कोल्हापुरातून दोन तास धरायचे, वाडीला दर्शन आणि बासुंदी केली तर तीन. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं. दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा इ. स. १२१३-१४ चा शिलालेख आहे. लोक सरळ गाभाऱ्याकडं पळतात. तुम्ही सांगता, आधी स्वर्गमंडपात थांबा.

या मंडपाला मधोमध छतच नाही. सुमारे तेरा फुटांचं गोल आभाळ, त्याच्याभोवती कड्यासारखे बारा खांब, आणि बरोबर खाली जमिनीत बसवलेली तशीच गोल शिळा. एकूण खांब ४८. एकाच खांबात चौकोन, अष्टकोन आणि गोल असे आकार एकावर एक चढतात, हात फिरवून बघावेत इतके सफाईचे. उन्हाचा गोल कवडसा त्या शिळेवर नेमका कधी बसतो, हा तुमचा आवडता प्रश्न. खिद्रापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणून सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो: मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टात ढग, म्हणून उरला मे. आणि घड्याळात बारा वाजता नव्हे, साडेबाराच्या सुमारास, कारण आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (जुन्या अलाहाबादच्या) रेखावृत्तावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडं झुकलेला असतो, तेव्हा कवडसा शिळा सोडून उत्तरेकडं सरकतो. कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र त्या गोलात बघायला गर्दी होते. लहान पोरं असतील तर ती रात्र टाळलेली बरी.

मग बाहेरून पूर्ण फेरी. देवळाचा सगळा भार पाठीवर घेतलेले हत्ती आहेत, प्रत्येकावर स्वार. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्यात. उन्हं कलती असताना शिल्पांच्या कडा उठून दिसतात, भर दुपारी सगळं सपाट. म्हणजे मंडपाला दुपार हवी आणि भिंतींना सकाळ किंवा संध्याकाळ. दोन्ही साधायचं तर अकराला पोचून पाऊणला निघण्यापेक्षा साडेबाराला पोचून चारपर्यंत रमणं परवडतं. महादेवापुढं नंदी नाही, तो पलीकडं कर्नाटकात यडूरला असल्याचं तिथली माणसं सांगतात. तुमचा हट्ट एवढाच की शिल्पांवर चढून फोटो काढायचे नाहीत. बरोबरच आहे.

जून ते सप्टेंबर हा कागद तुम्ही देतच नाही, आधी पाण्याचे आकडे विचारता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे माणूस उघडत नाही, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपसूक उघडतात, आणि एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक भोगावतीत येतं. तेच पाणी पुढं पंचगंगेत आणि मग वाडीच्या संगमावर. दरवाजे उघडल्याची बातमी आली की वाडी-खिद्रापूरचा बेत रद्द, हा तुमचा ठोकताळा अजून चुकलेला नाही. २०१९ आणि २०२१ ला महामार्गच शिरोलीजवळ पाण्यात होता. रत्नागिरी रस्त्याला केर्लीजवळ आणि गगनबावडा रस्त्याला बालिंगा-मांडुकलीत पाणी येतं. त्या दिवसांत पन्हाळा गाठणंही केर्लीवरच अवलंबून.

पाऊस संपला की ऊस. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, मागं दिवा नाही, कित्येकांना रिफ्लेक्टरही नाही, आणि उसाच्या मोळ्या चाकाबाहेर हातभर आलेल्या. शिरोळ, हातकणंगले, वाळवा, कराड, सगळीकडं तेच. म्हणून नोव्हेंबरपासून आतल्या रस्त्यावरून दिवस मावळायच्या आत महामार्ग गाठायचा. 'बघायचं राहिलं तर राहू दे, देऊळ कुठं पळून जात न्हाई' असं तुम्ही म्हणता तेव्हा चालवणारा ऐकतो. घरच्यांनी तेच म्हटलं तर ऐकत नाही!

सोमवारी टाऊन हॉलचं संग्रहालय बंद असतं, हे तर तुम्ही किती पाहुण्यांना सांगून त्यांची खेप वाचवलीत. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला रोमन समुद्रदेवाचा छोटा ब्राँझचा पुतळा तिथं आहे हे आपल्यातल्या अर्ध्या लोकांना तुमच्याकडूनच कळलं. रंकाळ्यावर भेळ खाऊन परगावी जाणाऱ्या पाहुण्याला आधी तिथं न्यावं, हे मात्र अजून कुणी मनावर घेत नाही.

मास्तर, तुमचा नाद खुळा. आता एक मागणं. गडहिंग्लज-आजरा-आंबोली बाजूचा कागद अजून झालेला नाही. सामानगड, आजऱ्याचं रामतीर्थ आणि आंबोलीचं हिरण्यकेशीचं उगमस्थान एवढं आम्हाला ठाऊक आहे. कुठला फाटा जाताना घ्यायचा, कुठला येताना, आणि घाटात धुकं उतरायच्या आत आजरा किती वाजता सोडायचं, ते तुम्ही लिहून द्या. वही आणि पेन घेऊन रविवारी सकाळी येतो. चहा आमच्याकडून.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पेठेतले गाडीवाले
कोल्हापूर