फौजींच्या घरच्यांचं पण ऐका

संपादक साहेब,
बॉर्डरवर जरा काही झालं की टीव्ही, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडे युद्धाची भाषा सुरू होते आणि माझ्यासारख्या फौजीच्या बायकोच्या पोटात गोळा येतो. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमधल्या बडगामला हवाई दलाचं हेलिकॉप्टर पडलं, त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे गेले, नंतर कळलं की ते आपल्याच मिसाईलने पडलं होतं. त्यांच्या पत्नी विजेता यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं, युद्ध नको, सोशल मीडियावरचा जोश पुरे, एवढंच वाटतंय तर भरती व्हा. एवढ्या दुःखात हे बोलायला केवढी हिंमत लागते!

अमेरिकेत तर इराक युद्ध सुरू व्हायच्या आधीच, २००२ मध्ये, सैनिकांच्या घरच्यांनी विरोधासाठी संघटना काढली, पुढे त्यांची मागणी होती की आमच्या मुलांना परत आणा आणि आल्यावर त्यांची नीट काळजी घ्या. आपल्याकडे हा दुसरा भाग कोणी बोलतच नाही. डिसॅबिलिटी पेन्शनसाठी कितीतरी जवानांना ट्रिब्युनलची, म्हणजे फौजींच्या वेगळ्या कोर्टाची, पायरी चढावी लागते, तिथे जिंकले तरी सरकार वर अपिलात जातं. ही अपिलं आधी बंद करा.

- एका माजी सैनिकाची पत्नी, सातारा