सेट डेकोरेटरचे नावही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या हॉलिवूडविषयी लिहिताना पडद्यावरच्या देखण्या दिवाणखान्यांचे श्रेय सरसकट कला दिग्दर्शकाला दिले जाते. एमजीएम या स्टुडिओचा विषय निघाला की तिथले कला दिग्दर्शक सेड्रिक गिबन्स यांच्यापुढे कोणी जातच नाही. १९२४ च्या करारानुसार स्टुडिओच्या अमेरिकेतील प्रत्येक चित्रपटावर त्यांचे नाव लागत असे; त्याचाच हा परिणाम. प्रत्यक्षात भिंती, जिने, खिडक्या एका विभागाच्या, तर खोलीत खुर्ची कोणती, पडदा कसला, टेबलावर काय पडलेले, हे ठरवणारा माणूस वेगळा, तो सेट डेकोरेटर. एमजीएममध्ये तो एडविन विलिस. ३२ नामांकने आणि ८ ऑस्कर!

काम पटकथेपासून सुरू होई. प्रसंगवार यादी करायची, स्टुडिओच्या गोदामातून सामान निवडायचे, नसेल ते भाड्याने आणायचे, आणि चित्रीकरणापूर्वी मांडून मोकळे व्हायचे. खरी मेख कॅमेऱ्यापुढे. कृष्णधवल फिल्मवर तांबडा गालिचा आणि हिरवी खुर्ची सारख्याच गडद असतील, तर दोन्ही एकाच करड्या रंगात मिसळतात आणि खुर्ची दिसेनाशी होते. म्हणून निवड रंगावर नव्हे, गडद-फिकेपणावर. पांढरीशुभ्र चादर दिव्यांखाली भगभगते, म्हणून ती चहाच्या पाण्यात बुडवून किंचित मळकट करायची. तसबिरीच्या काचेत दिवे उमटतात; मग काच काढायची, नाहीतर चौकटीच्या वरच्या कडेमागे पाचर ठोकून ती पुढे झुकवायची, म्हणजे काचेत जमीन दिसते. कॅमेऱ्यासाठी भिंत काढली की तिच्यालगतचे सामानही हलते. जमिनीवर खुणा आणि हाताशी छायाचित्र नसेल, तर पुढच्या शॉटमध्ये दिवा वीतभर सरकलेला दिसतो, आणि प्रेक्षकाला तेवढेच नेमके दिसते.

१९५३ मध्ये सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचे तंत्र आले आणि चित्रचौकटीचे रुंदी-उंचीचे प्रमाण १.३७:१ वरून २.५५:१ झाले. आतापर्यंत कडेला रिकामे सोडलेले कोपरेही भरणे आले. त्या वर्षी 'द रोब'साठी ऑस्कर मिळवणाऱ्यांत फॉक्स स्टुडिओचे वॉल्टर स्कॉट होते. हेही डेकोरेटरच, एकूण ६ ऑस्करचे मानकरी.

'गॅसलाइट' (१९४४) मधले कोंदट व्हिक्टोरियन घर पुष्कळांना आठवत असेल. त्याच्या ऑस्करवर चार नावे आहेत: कला दिग्दर्शनासाठी गिबन्स व विल्यम फेरारी, अंतर्गत सजावटीसाठी विलिस व पॉल हुल्डशिन्स्की. हुल्डशिन्स्की हे जर्मनीतून आलेले. युरोपातली जुनी घरे त्यांनी आतून पाहिलेली. त्या घराच्या कौतुकात त्यांना वगळून कसे चालेल?

ऑस्करच्या याद्यांत १९४१ पासूनच्या चित्रपटांसाठी डेकोरेटरांची नावे कला दिग्दर्शकांच्या जोडीने येतात. आपल्या चित्रपट पुरवणीत अशी यादी देताना जागेअभावी डेकोरेटरांची ओळ गाळली जाऊ नये, एवढी विनंती.

आपला,
चित्रपट-नेपथ्याचा एक अभ्यासक